नॉमिनी सासूबाई, पत्नी माहेरी: कुटुंब निवृत्तिवेतन कुणाचं?

रानजाई

माहिती हवी आहे म्हणून धागा काढते. नावंगावं देत नाही, कृपया विचारूही नका.

माझ्या मावसबहिणीचे यजमान राज्य शासनाच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. २००३ ला लागले, म्हणजे जुनी पेन्शन योजना लागू. मागच्या वर्षी सेवेत असतानाच वारले. लग्न २००९ चं, एक मुलगी, शाळेत आहे. शेवटची काही वर्षं दोघं वेगळे राहत होते, बहीण मुलीला घेऊन माहेरी. घटस्फोट झालेला नाही. कोर्टात साधा अर्जही कुणी केलेला नव्हता.

दिवसकार्य उरकलं आणि सासूबाई म्हणाल्या, सगळ्या कागदांवर नॉमिनी मीच आहे, तेव्हा फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन सगळं माझं. कार्यालयात चौकशी केली तर उत्तर मिळालं, "घरात वाद आहे ना? मग कोर्टातून वारस दाखला आणा, नाहीतर सासूबाईंचं ना-हरकत आणा. तोवर फाइल हलणार नाही." तेव्हापासून फाइल खरंच हललेली नाही.

बहिणीचा नक्की हक्क कशावर आहे? वेगळी राहत होती म्हणून हक्क जातो का?

दुपारचा_चहा

नॉमिनी म्हणजे मालक. विषय संपला. बँकेत तरी असंच असतं.

काळाकोट

दुपारचा_चहा, बँकेतही असं नसतं. नॉमिनीच्या हातात पैसे दिले की बँक सुटते, एवढाच त्याचा अर्थ. ते पैसे शेवटी कुणाचे, हे वारसा कायदा ठरवतो. आयुर्विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सरबती देवी प्रकरणात हेच सांगितलं आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा तेच.

रानजाई, तुमच्या प्रश्नात तीन-चार वेगळे पैसे एकाच पिशवीत घातले गेलेत. कार्यालयानेही तेच केलंय. म्हणून घोळ. प्रत्येक रकमेचा नियम वेगळा आहे, ते सुटं करून बघू.

आधी कुटुंब निवृत्तिवेतन, कारण तेच आयुष्यभर पुरणारं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ११६ वाचा. ते कुणाला द्यायचं हे नियमच ठरवतो: आधी विधवा किंवा विधुर, तिच्या किंवा त्याच्या पश्चात मुलं. कर्मचाऱ्याने कुणाचं नाव लिहून ठेवलं याला इथे किंमत नाही. मृत्युपत्रानेही ते दुसऱ्याला देता येत नाही, कारण ती मयताची मालमत्ताच नाही. तो हयात असताना हा पैसा त्याचा नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर नियमाने थेट पत्नीसाठी तो जन्माला आला. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये स्पष्ट केलंय. १९९१ च्या खटल्यात रेल्वे कर्मचाऱ्याच्या भावाने मृत्युपत्र पुढे केलं होतं, त्याला कुटुंब निवृत्तिवेतनातलं काही मिळालं नाही.

आणि अगदी तुमच्यासारखा, आई विरुद्ध पत्नी असा वाद २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आईचं म्हणणं होतं की हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मी पहिल्या वर्गातली वारस, मलाही पेन्शनमध्ये वाटा द्या. न्यायालयाने सांगितलं, कुटुंब निवृत्तिवेतन योजनेच्या नियमांनी चालतं, वारसा कायद्याने नाही. पूर्ण पत्नीला.

चिंचबन

कायद्याचं ठीक आहे. पण जी बाई नवऱ्याच्या आजारपणात जवळ नव्हती, तिला जन्मभर पेन्शन आणि ज्या आईने केलं तिला भोपळा? हा कुठला न्याय? (रानजाई ताई, वैयक्तिक घेऊ नका.)

काळाकोट

चिंचबन, प्रश्न रास्त आहे, पण पेन्शनच्या फाइलवर त्याचा निकाल लागत नाही. कोण का वेगळं राहत होतं, कुणी किती सेवा केली, हे आस्थापनेच्या लिपिकाने ठरवायचं म्हटलं तर राज्यातली प्रत्येक फाइल कौटुंबिक न्यायालय होईल. म्हणून नियम एकच गोष्ट विचारतो: मृत्यूच्या दिवशी विवाह कायम होता का? घटस्फोटाचा हुकूमनामा नसेल तर होता.

१९९९ चा एक निकाल आहे, जी. एल. भाटिया यांचा. त्यात सरकारी नोकरीत पत्नी होती. नवरा-बायको वेगळे राहत होते, घटस्फोट नव्हता, आणि तिने नामनिर्देशनात नवऱ्याला वगळलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने कुटुंब निवृत्तिवेतन नवऱ्यालाच दिलं. तेव्हा हा नियम फक्त बायकांच्या बाजूचा आहे असंही कुणी समजू नये.

मुक्ताफळे

+१. आमच्या कॉलनीत उलटं प्रकरण झालं होतं. कागदोपत्री पहिली बायको गावी, सगळं आयुष्य दुसरीबरोबर. गेल्यावर दुसरी रडत कार्यालयात आणि पहिली एजंट घेऊन. त्यात दुसरीचं काय होतं?

काळाकोट

हिंदू विवाह कायद्याखाली पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह शून्य. त्यामुळे तिला कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये नियम ११६ वरच हे ठरवलंय. वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईलाही हेच लागू होतं, माझ्या मते हा नियमाचा सर्वात कठोर कोपरा आहे. पण तिच्या मुलांचं तसं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे ती औरस धरली जातात आणि २००० सालच्या रामेश्वरी देवी निकालाप्रमाणे त्यांना वाटा मिळतो. ज्यांच्या व्यक्तिगत कायद्यात एकाहून अधिक विवाह वैध आहेत, तिथे विधवांमध्ये समान वाटणी होते.

आस्थापना_निवृत्त

नोकरीची सगळी वर्षं आस्थापना शाखेत काढली, म्हणून थोडं बोलतो. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी फाइल सांगतो.

"वारस दाखला आणा" हे वाक्य आम्ही लोक का म्हणतो? टेबलावरची जबाबदारी ढकलायला. वाद दिसला की लिपिकाला भीती वाटते की उद्या चुकीच्या माणसाला पैसे गेले तर वसुली आपल्यावर येईल. पण पत्नी एकच आहे, लग्न नोंदलेलं किंवा सिद्ध होणारं आहे, घटस्फोट नाही, मग कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वारस दाखल्याची गरजच काय? सासूबाईंचं ना-हरकत तर कुठल्याच नियमात नाही. ज्यांचा त्या पैशावर हक्क नाही त्यांची हरकत असली काय, नसली काय.

रानजाई ताई, बहिणीला सांगा, तोंडी काही विचारायचं नाही. कार्यालयप्रमुखाच्या नावे लेखी अर्ज द्यायचा: मृत्यू दाखला, विवाह प्रमाणपत्र, दोघांची आधार, मुलीचा जन्मदाखला जोडून, आणि आवक शाखेचा शिक्का असलेली प्रत आपल्याकडे ठेवायची. त्यात स्पष्ट लिहा: "वारस प्रमाणपत्र कोणत्या नियमान्वये आवश्यक आहे ते लेखी कळवावे." हे लेखी कळवण्याची वेळ आली की निम्म्या फाइली आपोआप चालू लागतात.

दुसरं, सेवापुस्तक बघा. त्यात कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना ३ असतो. त्यात पत्नी आणि मुलगी नोंदलेली असेल तर काम पुष्कळ सोपं. नसेल तरी हक्क जात नाही, फक्त पुरावे जास्त लागतात. आणि अंतिम मंजुरीला वेळ लागणार असेल तर कार्यालयप्रमुखाला तात्पुरतं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करता येतं, ते मागा. बऱ्याच कुटुंबांना हे माहीतच नसतं आणि कार्यालय स्वतःहून सांगत नाही.

प्रकरण पुढे महालेखापालांकडे जातं. मराठवाडा-विदर्भ असेल तर नागपूर, बाकी मुंबई. तिथून आदेश निघाला की कोषागारात. मधे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाऊन आलं का, तेवढं विचारा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो आणि खापर महालेखापालांवर फुटतं.

सावलीतला_सूर्य

जिल्हा परिषदेचं वेगळं असतं हे लिहायला हवं. माझे वडील जि. प. प्राथमिक शिक्षक होते. ते गेल्यावर आईचं कुटुंब निवृत्तिवेतन जिल्हा परिषदेनेच मंजूर केलं, महालेखापालांचा संबंध आला नाही.

आस्थापना_निवृत्त

बरोबर. आणि वाद न्यायालयात न्यायची वेळ आली तरी फरक पडतो. राज्य शासकीय कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जाता येतं. जि. प. वाल्यांना मॅट नाही, त्यांना उच्च न्यायालय.

रानजाई

सगळ्यांचे आभार. पेन्शनचा मुद्दा आता डोक्यात बसला. पण ग्रॅच्युइटी आणि फंडाचं काय? तिथे तर नॉमिनेशन खरंच सासूबाईंचं आहे, आणि लग्नाआधी भरलेलं आहे.

काळाकोट

मृत्यू उपदानात, म्हणजे ग्रॅच्युइटीत, नामनिर्देशनाला महत्त्व आहे, पण ते वैध असेल तर. ज्याला कुटुंब आहे त्याला कुटुंबाबाहेरच्या माणसाचं नाव देता येत नाही. आणि कुटुंब नसताना परक्याच्या नावे केलेलं नामनिर्देशन पुढे कुटुंब झालं की आपोआप बाद होतं. मात्र उपदानाच्या नियमात आईसुद्धा कुटुंबातच मोजली जाते, म्हणून लग्न झालं एवढ्यानेच आईच्या नावचं नामनिर्देशन पडतं असं नाही. इथे बरेच वकीलही घाई करतात.

म्हणून मूळ नमुना बघा. त्यात एक रकाना असतो: कोणती घटना घडल्यास हे नामनिर्देशन अवैध ठरेल. अविवाहित मुलं नोकरीला लागतात तेव्हा जुने लिपिक त्यांच्याकडून तिथे काहीतरी लिहून घ्यायचे. त्या रकान्यात काय आहे ते कळवा, मग पुढचं बोलू. माहितीच्या अधिकारात सेवापुस्तकाची आणि सगळ्या नामनिर्देशनांची प्रमाणित प्रत मागता येईल.

नवखी_नलू

थोडं अवांतर विचारते. माझे मिस्टर २०११ चे, म्हणजे एनपीएसवाले (नवीन राष्ट्रीय पेन्शन योजना). आम्हाला यातलं काहीच लागू नाही ना?

आस्थापना_निवृत्त

लागू आहे, नलूताई. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याचा सेवेत असताना मृत्यू झाला, तर ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबाला १९८२ च्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान मिळतं. मोबदल्यात एनपीएस खात्यातला शासनाच्या हिश्श्याचा भाग शासनाकडे परत जातो. मिस्टरांना आजच विचारा की विकल्प (एनपीएस की हे कुटुंब निवृत्तिवेतन) आणि नामनिर्देशन भरलंय का. लग्नाआधी भरलेलं असेल तर बदलून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि कुणीही करत नाही.

दुपारचा_चहा

बरं, रक्कम किती असते? माझ्या डोक्यात शेवटच्या पगाराच्या निम्मी असं काहीतरी आहे.

काळाकोट

सर्वसाधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, त्यावर महागाई भत्ता. निम्मं हे वाढीव दराचं, ते ठरावीक वर्षंच मिळतं. केंद्रात सेवेत मृत्यू झाला तर पहिली दहा वर्षं. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सात वर्षं किंवा तो माणूस ६७ वर्षांचा झाला असता ती तारीख, यातलं जे आधी येईल तोवर. आणखी एक गैरसमज: नवऱ्याने पेन्शन विकली होती, म्हणजे अंशराशीकरण केलं होतं, म्हणून बायकोची पेन्शन कापून येईल असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन पूर्ण दरानेच निघतं.

उपदानाची कमाल मर्यादा राज्यात १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झाली आहे. मृत्यू त्याआधीचा की नंतरचा, ते तारखेवरून पाहा.

मुक्ताफळे

सासरचे लोक कर्ज पुढे करतात त्याचं काय? आमच्या एका नातेवाइकांकडे पतसंस्थेचा माणूस "पेन्शनवर जप्ती आणू" म्हणून धमकावून गेला.

काळाकोट

१८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याचं कलम ११ जुनं आहे पण जिवंत आहे: कर्ज देणाऱ्याच्या मागणीवरून पेन्शन जप्त करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० उपदानालाही संरक्षण देतं. नवऱ्याच्या कर्जाला बायको जामीनदार असेल तर मात्र तिची जबाबदारी वेगळी, ती पेन्शनच्या आड लपत नाही.

शासनाचं स्वतःचं येणं, जसं घरबांधणी अग्रिम, ते उपदानातून वळतं होतं. चुकून जास्त दिलेल्या पगाराची वसुली काढली तर २०१४ चा रफिक मसीह निकाल दाखवा. वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही, असं त्यात आहे. वेतननिश्चितीच्या वेळी हमीपत्र लिहून दिलं असेल तर कार्यालय २०१६ चा दुसरा निकाल पुढे करतं, त्याची तयारी ठेवा.

चिंचबन

माझा मुद्दा तसाच राहिला. आईचं काय?

आस्थापना_निवृत्त

चिंचबन, तुमचं बोलणं मला पटतं, फक्त ते पेन्शनवर लादू नका. म्हाताऱ्या आईला इतर मुलं असतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली त्यांच्याकडे निर्वाह मागता येतो. मुलाच्या फंडात, बँकेतल्या शिल्लकीत, घरात तिचा वाटा आहेच. आणि सून अनुकंपावर लागली तर कुटुंबातल्या अवलंबून असणाऱ्यांना सांभाळीन असं तिला लिहून द्यावं लागतं. मी असे घरगुती समेट पाहिलेत जिथे सुनेने स्वतःहून सासूला दरमहा काही रक्कम दिली आणि दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मात्र "अर्धी पेन्शन सासूला देईन" असं लिहून दिलं तरच सही करतो, असं कार्यालयाने म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

सावलीतला_सूर्य

अनुकंपा घेतली की कुटुंब निवृत्तिवेतन बंद होतं का? आईला तेव्हा कुणीतरी तसं सांगितलं होतं आणि ती घाबरून अर्जच करत नव्हती.

आस्थापना_निवृत्त

नाही होत. दोन्ही मिळतं. स्वतःची नोकरी किंवा स्वतःची पेन्शन असलेल्या विधवेलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ही अफवा कुणी सोडलीय देव जाणे, पण तिने किती घरांचं नुकसान केलंय!

रानजाई

प्रती मिळाल्या! ग्रॅच्युइटीच्या नमुन्यात त्या रकान्यात निळ्या शाईने "विवाह झाल्यास" असं लिहिलेलं आहे आणि त्यांची सही आहे. भविष्य निर्वाह निधीच्या नमुन्यात तो रकाना कोरा आहे. नमुना ३ मध्ये बहीण आणि भाची दोघींची नावं आहेत, भाचीचं तर जन्मानंतर वेगळं टाकलंय. म्हणजे माणसाने कागद नीट ठेवले होते.

काळाकोट

मग चित्र बरंच स्वच्छ झालं.

ग्रॅच्युइटी: विवाह झाला त्या दिवशी ते नामनिर्देशन संपलं. त्यानंतर दुसरं केलेलं नाही. मग नियमच वाटणी करतो: पत्नी, मुलगे, अविवाहित मुली यांच्यात समान. आई-वडिलांचा क्रम यांच्यातलं कुणीच हयात नसेल तर. म्हणजे अर्धी बहिणीची, अर्धी भाचीची. रजेचं रोखीकरणही नियमातल्या क्रमाने जातं आणि त्यात पत्नी पहिली.

फंड: तो रकाना कोरा आहे, म्हणून कार्यालय रक्कम सासूबाईंच्या हातात देईल अशी शक्यता आहे. हाती पडणं म्हणजे मालकी नव्हे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हेच होतं: लग्नाआधी आईच्या नावे नामनिर्देशन, मागे आई आणि विधवा. न्यायालयाने वारसा कायद्याने वाटणी करायला सांगितली. तुमच्याकडे पहिल्या वर्गातले वारस तीन, पत्नी, मुलगी, आई. प्रत्येकी एक तृतीयांश. रक्कम अजून निघालेली नसेल तर वारसांमध्ये वाद असल्याचं कार्यालयाला लेखी कळवा आणि फक्त या रकमेसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्राचा (मयताचे पैसे घेण्यासाठी कोर्टाने दिलेला वारस दाखला) अर्ज दिवाणी न्यायालयात करा. कार्यालय जे सगळ्यासाठी मागत होतं ते खरं तर एवढ्यापुरतंच लागतं. सासूबाई समजुतीने तीन हिश्श्यांना तयार झाल्या तर आणखी उत्तम, कोर्टाची फी आणि दोन वर्षं वाचतील.

आस्थापना_निवृत्त

आणि अर्जात नियम १२९-अ आणि १२९-ब चा उल्लेख करा. उपदान आणि निवृत्तिवेतन प्रशासकीय कारणाने लांबलं तर त्यावर व्याज द्यावं लागतं, आणि ते जबाबदार माणसाकडून वसूल होऊ शकतं. हा एक ओळीचा उल्लेख साहेबांच्या नजरेत लगेच भरतो.

नवखी_नलू

पुढेमागे तिने पुन्हा लग्न केलं तर? वय तसं फार नाही ना.

काळाकोट

जुना नियम असा होता की पुनर्विवाहाने विधवेचा हक्क संपायचा आणि तो मुलांकडे जायचा; राज्याने २०१५ च्या शासन निर्णयाने पुनर्विवाहानंतरही विधवेचा हक्क चालू ठेवला.  केंद्राच्या नियमात निपुत्रिक विधवेला उत्पन्नाच्या अटीवर पुनर्विवाहानंतरही ते चालू राहतं. राज्याचा त्या वेळचा शासन निर्णय पाहूनच पाऊल टाकावं.

रानजाई

शेवटचा प्रश्न. भाची अज्ञान आहे. तिच्या अर्ध्या ग्रॅच्युइटीसाठी "पालकत्वाचा दाखला कोर्टातून आणा" असं आता नवीन सुरू झालंय.

काळाकोट

वडिलांच्या पश्चात आई ही नैसर्गिक पालक आहे, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६. तिला स्वतःच्या मुलीची पालक असल्याचा दाखला कोर्टातून आणायला लावणं चूक आहे. अर्जासोबत जन्मदाखला आणि साधं प्रतिज्ञापत्र द्या. रक्कम भाचीच्या नावे मुदत ठेवीत टाका, कारण ती तिची आहे, आईची नाही. यावरही फाइल अडली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मॅटमध्ये अर्ज कसा करायचा ते सांगतो.